आधी दिवा बघा

पालकहो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरचा संगणक अचानक इंटरनेटला जोडला जाईना. पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली. दुरुस्तीवाल्या गृहस्थांना बोलावले. त्यांनी आल्या आल्या विंडोज पुन्हा टाकले. तरी फुली जाईना, तेव्हा म्हणाले, "नेटवर्क कार्ड गेले. ते मदरबोर्डवरच असते, बोर्ड बदलावा लागेल." आकडा ऐकून हिने माझ्याकडे नुसते पाहिले.

ते गेल्यावर नववीतली आमची कन्या टेबलामागे वाकली आणि म्हणाली, "बाबा, केबल लावतात तिथला दिवा का लागत नाही?" प्लगवरची प्लॅस्टिकची पट्टी तुटली होती, त्यामुळे प्लग हळूहळू बाहेर सरकला होता. नवी केबल आणली, दिवा लागला. मात्र विंडोज टाकताना तिचा विज्ञानाचा प्रकल्प पुसला गेला, तो गेलाच.

तेव्हापासून मनात आहे ते लिहितो. आपली मुले लॅन म्हणजे काय, वॅन म्हणजे काय, याच्या व्याख्या परीक्षेत घडाघडा लिहितात. पण संगणकाच्या मागे वाकून पाहायला त्यांना कोणी सांगत नाही. माझ्या मते हे शाळेनेच शिकवावे.

शिकवायचे तरी किती? आधी दिवा. तो विझलेला असेल तर दोष बहुधा केबल, प्लग किंवा पलीकडच्या स्विचच्या पेटीत असतो. विंडोजला हात लावायची घाई नको. शेजारच्या चालू संगणकाची केबल इथे लावून बघायची. मग स्विचची खोबण बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. केबलमध्ये तारा असतात आठ, म्हणजे चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून एखादी तार तुटली तरी कधी कधी जोडणी चालू राहते, फक्त मंदावते, आणि आपण इंटरनेट कंपनीला बोल लावत बसतो! २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरले, त्यांनी तर भिंतीतल्या खोबणीच्या पिनांवर गंज चढला आहे का, ते आधी पाहावे.

दिवा लागतो पण नेट नाही, तर गोष्ट वेगळी. 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून संगणकाला पत्ताच मिळालेला नाही. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळे चिन्ह असेल तर ड्रायव्हर हवा. इथे गंमत होते: ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय नाही. तेव्हा शेजाऱ्यांच्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावा. कार्ड खरेच गेले असेल तरी सहसा बोर्ड बदलावा लागत नाही. यूएसबीला लावायचे अ‍ॅडॅप्टर मिळते. हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर!

"मुलांच्या हाती दिले तर आणखी बिघडेल," असे एका पालकांनी मला ऐकवले. विजेचा पुरवठा करणारा डबा उघडू नये, भिजलेला संगणक चालू करू नये, एवढे बजावलेच पाहिजे. पण नेटवर्कची केबल काढून लावण्यात धोका कसला? मुळात आपण बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते हाताने काम करणारी माणसे घडावीत म्हणून. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. त्या गावात मुलांनी केबलला हात लावू नये?

शाळेच्या संगणक कक्षासाठी एक केबल टेस्टर, प्लग दाबायची एक पक्कड आणि मूठभर प्लग एवढेच लागेल. टेस्टर आणि पक्कड मी देतो. प्लग कोणी द्यावेत. आठवी-नववीसाठी महिन्यातून एका शनिवारचा एक तास मिळावा, आणि स्विचच्या कपाटाची किल्ली त्या तासापुरती तरी मुलांच्या हाती असावी, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे.