मेलेल्या माणसाची गोपनीयता कुणापासून?

आज आठवण सांगतोय, पण भांडणासाठी सांगतोय.

नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. इथंच, बुऱ्हाणपुरात. एक काकू काउंटरवर आल्या. नवरा पॉवरलूमवर होता, महिन्याभरापूर्वी गेलेला. "भाऊ, ह्यांचं कुठं खातं, विमा काही आहे का, बघता का?" मी मान वर न करता म्हणालो, "नंबर आणा." त्या निमूट परत गेल्या. मला वाटलं, मी नियम पाळला. आज लाज वाटते.

कारण गेल्या वर्षी तेच उत्तर मी ऐकलं. गल्लीतल्या एका सूनबाईंसोबत विमा कार्यालयात गेलो होतो. मृत्यूचा दाखला, आधार, सगळं हातात. "पॉलिसी नंबर?" अहो, कागद सापडत नाहीत म्हणून तर आलो! "मग सांगता येत नाही, माहिती गोपनीय असते."

गोपनीय कुणापासून? बायकोपासून? हप्ता थकला की हेच लोक घरी फोनावर फोन करतात, तेव्हा गोपनीयता कुठं जाते?

शेवटी पासबुकानं वाट दाखवली. दर मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले. प्रधानमंत्री जीवन ज्योती, २ लाखांचा विमा. घरात कुणाला पत्ता नव्हता.

१९३८ च्या विमा कायद्यातलं कलम ३९ नॉमिनीला पैसे घेण्याचा हक्क देतं. २०१५ च्या दुरुस्तीनं आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर ते पैसे त्यांचेच, असंही ठरलं. छान! पण नॉमिनेशनची पोच मिळते पॉलिसीधारकाला. ज्याचा हक्क, त्याला कोण सांगतो?

काही जण म्हणतील, कंपन्या बेवारस रकमा वेबसाइटवर टाकतात. टाकतात, पण कंपनीच्या लेखी जे देणं झालंय तेवढंच. माणूस गेल्याचं कळवलंच नाही, तर टर्म पॉलिसी हप्ता न भरल्यानं बंद पडली, एवढीच नोंद राहते. बेवारस यादीत ती येणार कशी?

बँकांमधल्या बेवारस ठेवी एका ठिकाणी शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' पोर्टल काढलं. मग दाखला आणि वारसाचा पुरावा दाखवला, की नाव-जन्मतारखेवरून सगळ्या कंपन्यांत पॉलिसी शोधून द्यायला काय हरकत आहे? रक्कम नंतर द्या, तपासून द्या. निदान "आहे" की "नाही" एवढं तरी सांगा!

आणि पुरुष मंडळी, थोडं आपल्यालाही. "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणत आपणच कपाटाची किल्ली खिशात ठेवतो. आज रात्री जेवण झालं की एका वहीत सगळ्या पॉलिसींचे नंबर लिहा आणि वही बायकोच्या हातात द्या. तुमच्या माघारी तिला कुणी "नंबर आणा" म्हणालं, तर तिला परत फिरावं लागू नये.

त्या काकूंना मी नंतर कधी शोधलंही नाही.