रोज पूल ओलांडणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

मार्च आला की विंडसरमधल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "डेट्रॉइटच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्याचा पगार माझ्याएवढाच. त्याला रिफंड आणि मला वरून भरणा, असं कसं?"

असं, कारण रोज कॅनडातून ये-जा करणाऱ्याचे ते दिवस अमेरिकेतल्या मुक्कामात धरत नाहीत. आपण तिथे अनिवासी, आपला फॉर्म १०४०-एनआर, आणि त्यावर स्टँडर्ड डिडक्शन नाही. २०२४ साली एकट्या माणसाला ते १४,६०० डॉलर होतं.

"हे पहिल्यापासून असंच आहे," असं कुणी सांगू नये. २०१७ सालापर्यंत आपल्यालाही ४,०५० डॉलरची वैयक्तिक सूट होती. त्या वर्षीच्या कायद्याने ती शून्यावर आणली आणि बदल्यात स्टँडर्ड डिडक्शन जवळपास दुप्पट केलं. त्यांचं एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं, आपलं नुसतंच गेलं. २०२५ मध्ये हे कायमचं झालं.

४०,००० डॉलर पगार धरा. मिशिगनचा आणि डेट्रॉइट शहराचा कर आपल्याला वजा करता येतो, तो वजा करूनही २०२४ चा फेडरल कर शेजाऱ्यापेक्षा सुमारे दीड हजार डॉलर जास्त.

मग कुणीतरी शहाणा म्हणतो, "अहो, कॅनडात क्रेडिट मिळतं की!" मिळतं ना. पण कॅनडाचा कर जेवढा बसतो तेवढंच, वरचं बुडीत खाती. मोठ्या पगारवाल्याला पूर्ण मिळतं, पण ते ओटावाच्या तिजोरीतून जातं. म्हणजे अमेरिकेने सूट काढली आणि भरपाई करतोय कॅनडा. तरी ओटावा गप्प!

आता खरी गंमत ऐका. पुण्याहून अमेरिकेत शिकायला आलेला विद्यार्थीही अनिवासीच, पण त्याला हे डिडक्शन मिळतं. १९८९ च्या भारत-अमेरिका करारात, कलम २१ मध्ये, दिल्लीने ते लिहून घेतलंय. कॅनडाने आपल्या करारात पाच वेळा दुरुस्त्या केल्या, शेवटची २००७ ची. नव्या कायद्यानंतर एकही नाही.

(काही जण गुपचूप साधा १०४० भरून डिडक्शन घेतात. नका करू. पकडलं की व्याजासकट भरावं लागतं.)

मी आमच्या खासदारांना पत्र धाडलंय, एकच मागणी: भारताला दिलंत ते कलम रोज ये-जा करणाऱ्यांसाठी मागा. मजकूर हवा असेल तर मेसेज करा, आपापल्या नावाने पाठवा.