भूकंपाचे दहा सेकंद



पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की पहिला प्रश्न विचारतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?" ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. नुकसान फार झाले. तरी पाणी चढताना दिसत होते. धान्य माळ्यावर टाकायला, जनावरे हलवायला, आजीला पाहुण्यांकडे पोचवायला थोडा तरी वेळ हाती होता. पूर सांगून येतो. भूकंप सांगून येत नाही. म्हणून पुराची तयारी पाणी चढू लागल्यावर केली तरी एक वेळ चालेल, भूकंपाची मात्र आधीच करून ठेवली पाहिजे. ती आपण करत नाही, ही माझी तक्रार आहे.

"आपल्याकडे कुठला भूकंप?" असे कोणी म्हणेल. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. त्या भूकंपाची महत्ता ६.३ होती आणि त्यात सुमारे १८० माणसे दगावली. कोयनेच्या जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले, तेव्हापासून त्या भागात धक्के बसत आले आहेत. ५ किंवा त्याहून अधिक महत्तेचे धक्केच वीसहून अधिक झाले. पुढे ही हालचाल दक्षिणेस वारणेच्या खोऱ्यापर्यंत पसरली, आणि वारणा तर आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते! हे धक्के का बसतात याचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोयना भागात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले. पण पुढचा धक्का कोणत्या दिवशी बसेल, हे आज जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. तेव्हा कोणी तारीख आणि वेळ सांगू लागला, तर ती अफवा आहे असे खुशाल समजा.

आता एक सोपे गणित करू. कोयनानगर ते कोल्हापूर हे सरळ अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. भूकंपाचे प्राथमिक तरंग भूकवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने धावतात. दुय्यम तरंग साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने. म्हणजे पहिले तरंग १५ सेकंदांत आपल्यापर्यंत पोचतील आणि दुसरे सुमारे २६ सेकंदांत. पहिल्यांचा धक्का हलका असतो. घराला जोराने हलवतात ते दुसरे. मधले अंतर दहा-अकरा सेकंदांचे. धक्का वारणेजवळ बसला तर त्याहूनही कमी.

हातात घड्याळ घ्या आणि दहा सेकंद मोजा. एवढ्यात विचार करता येत नाही, भावंडांशी चर्चा करता येत नाही, विजेरी शोधता येत नाही. जे आधी ठरलेले आणि अंगवळणी पडलेले असेल, तेवढेच हातून होते. गाढ झोपेत असाल तर तेही होणार नाही. मग तुमचा जीव वाचवायचा तो घरानेच.

घराचे महत्त्व किती, हे किल्लारीने दाखवून दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपाची महत्ता कोयनेच्या भूकंपाएवढीच होती, पण साडेसात हजारांवर माणसे मेली. तिथली गावे दाट वस्तीची होती. घरांच्या भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या आणि वर मातीच्या जड माळवदाचे छप्पर. ते सगळे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

घराच्या आतल्या वस्तूंचेही तसेच आहे. एका ताटात एक काड्यापेटी उभी ठेवा आणि एक आडवी. आता ताटाला एकदम झटका द्या. उभी पडते, आडवी नुसती सरकते. उंच आणि अरुंद वस्तूचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे ती चटकन कलंडते. आता तुमच्या उशाशी असलेल्या लोखंडी कपाटाकडे एकदा पाहा!

येत्या रविवारी दुपारी घरातल्या सर्वांनी मिळून पुढील कामे करावीत. कपाट आणि स्वयंपाकघरातली मांडणी लोखंडी पट्टी व स्क्रू लावून भिंतीला पक्की करा. माळ्यावरचे पितळी हंडे, पाटा-वरवंटा खाली आणा. खाट खिडकीपासून आणि जड तसबिरीखालून हलवा. उशाशी विजेरी आणि चपला ठेवा, कारण अंधारात फुटक्या काचा दिसत नाहीत. गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचे मुख्य बटण कसे बंद करायचे, हे घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून पाहावे. मात्र भूकंपात ते काम हादरा थांबल्यावरच करायचे. सगळे पांगले तर कोणत्या मोकळ्या मैदानावर भेटायचे, तेही ठरवा.

धक्का बसताना काय करायचे, हे घराघरावर अवलंबून आहे. काँक्रीटच्या इमारतीत असाल तर जिन्याकडे धावू नका. खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, डोके झाका आणि टेबलाचा पाय घट्ट धरा. पेठेतल्या जुन्या मातीच्या घरात तळमजल्यावर, दाराजवळ असाल आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर लगेच बाहेर पडा. पण अरुंद बोळात वरून कौले आणि विटा पडतात, हे विसरू नका. आपले घर कोणत्या प्रकारचे, हे आजच ठरवून ठेवा.

पैशांची सबब सांगितली जाते. जुन्या भिंती बदलणे खर्चाचे आहे, हे खरेच. पण कपाट बांधायला किती खर्च येतो? आणि नवे घर बांधणारच असाल, तर दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालण्याचा आग्रह वडिलांकडे जरूर धरा. भिंतींना तो एकत्र बांधून ठेवतो.

शिक्षकांनाही एक विनंती. भूकंपाचा धडा "भूकंप म्हणजे काय?" या प्रश्नाच्या उत्तरावर संपवू नका. वर्षातून दोनदा, न सांगता घंटा वाजवा आणि दहा सेकंदांत वर्गातले किती विद्यार्थी बाकाखाली शिरतात, ते मोजा. मुले घरी जाऊन हेच आईवडिलांना शिकवतील.

मित्रहो, भूकंप थांबवणे आपल्या हाती नाही. उशाशी असलेले कपाट मात्र आपल्या हातातले आहे. रविवारची वाट कशाला? आज रात्री झोपण्यापूर्वीच त्याच्याकडे एकदा बघा.