पंधरातून वीस

परवा नातीची जर्नल चाळत होतो. नात म्हणजे पुतणीची मुलगी, वेल्ह्याची. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमासाठी आमच्याकडे भोरला राहते. मी मराठी घेऊन बीए झालेला, त्यातलं काय कळणार! पण ऑप-ॲम्पच्या प्रयोगात एक आकडा दिसला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पुरवठा अधिक-उणे १५ व्होल्ट, इनपुट २, दहा पट वाढ, आउटपुट उणे २०.

"अगं, पंधरातून वीस कुठून आले?"

"मागच्या वर्षीच्या जर्नलमधून, आजोबा."

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. पोरगी खोटारडी नाही. सगळा वर्ग असंच उतरवतो, सही होते, गुण पडतात. आणि लेखी परीक्षेत नापास झाली की "खेड्यातली, मराठी माध्यमाची पोरं, त्यांना ॲनालॉग झेपत नाही" हे तयार! तीही आता तेच म्हणायला लागली होती. डिप्लोमा सोडायचा विचार होता.

मग आम्ही दोघंच बसलो. ७४१ नंबरची चिप (डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्ड कंपनीत केलेली, १९६८ ची), ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, १० हजार आणि १ लाख ओहमचे रेझिस्टर, एक पेन्सिल सेल, व्हॉल्यूमच्या बटणासारखा एक पॉट आणि साधा मल्टिमीटर. इनपुटला ०.१ दिलं, आउटपुट उणे १. ०.५ दिलं, उणे ५. पोरगी खूश. मग १ व्होल्ट दिला. सूत्राप्रमाणे उणे १० हवेत. काटा साडेसातच्या आसपास अडकला. पॉट पुढे फिरवला तरी हलेना. बॅटरीत नऊच, त्यातलंही थोडं चिप स्वतःकडे ठेवते!

आता "व्हर्च्युअल ग्राउंड". ही व्याख्या तिला तोंडपाठ होती. तिसरी पिन ग्राउंडला म्हणून दुसरी पिनही जवळजवळ शून्यावर. का? माहीत नाही. चिपची स्वतःची वाढ सुमारे दोन लाख पट असते. आउटपुटला ५ व्होल्ट यायला दोन पिनांमध्ये २५ मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. मोठ्या रेझिस्टरमधून आउटपुट परत दुसऱ्या पिनकडे येतं आणि तो फरक मिटवत राहतं. म्हणून शून्य. पण आउटपुट अडकलं की मिटवणार कोण? दुसरी पिन मोजली : सुमारे पाव व्होल्ट! तिनं तीनदा मोजलं. नियम कुठे संपतो हे कळल्यावर तिला नियम कळला. उतरवलेल्या जर्नलमध्ये हा पाव व्होल्ट कधी येणार?

नावाचंही तेच. "ऑपरेशनल" म्हणजे काय, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हे नाव छापून आलं १९४७ मध्ये, जॉन रगॅझिनी आणि सहकाऱ्यांच्या लेखात. बेरीज, वजाबाकी, संकलन या गणिती क्रिया करणारं सर्किट. क्रिया हा शब्द तर आपण तिसरीपासून शिकवतो!

यावर एक शहाणे म्हणाले, "गुरुजी, आता सगळं डिजिटल झालंय." अहो, डेअरीतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कॅन ठेवला की आतल्या लोडसेलमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. ते आधी वाढवावे लागतात, मग आकडे होतात.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. मुलं जास्त, संच कमी, वेळ तासाभराचा. पण तीस बरोबर रीडिंगांपेक्षा एक अडकलेलं रीडिंग दाखवा आणि त्याचं कारण विचारा. सही त्या उत्तरावर द्या. त्याला खर्च किती, आमचा सगळा पसारा दोन-तीनशे रुपयांत झाला.

तर नातीनं ते पान फाडलं, घरचं रीडिंग लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि जर्नल दिली. काल परत आली. साडेसातभोवती लाल गोल आणि शेरा : "उणे १० हवे."

"आजोबा, दहा करू का?"

मी नको म्हटलं. तिची आई फोनवर म्हणते, तुमच्या तत्त्वापायी पोरीचे गुण जातील. तेही खरंच आहे.

सबमिशन शुक्रवारी आहे. पान अजून तिनं बदललेलं नाही.