विमानातली तीन मुलं आणि ‘तू मोठी आहेस ना’



आपल्यापैकी बऱ्याच जणींची लेक किंवा सून आता परदेशात आहे. शाळेला सुट्टी लागली की ती मुलांना घेऊन येते आणि परत जाताना म्हणते, “आई, तूच चल ना सोबत, मला एकटीला तिघं आवरायची नाहीत.” मग आपणही निघतो. निघण्याआधी आठ दिवस घरात एकच विषय असतो: एवढ्या लांबच्या प्रवासात मुलांना रमवायचं कसं?

दोन वर्षांपूर्वी मी लेकीबरोबर न्यू जर्सीला गेले, तेव्हा मोठी नात अकरा वर्षांची, मधला नातू सहाचा आणि धाकटी सव्वा वर्षाची होती. कळसाडीच्या घरी महिनाभर ही तिघं कधी जड झाली नाहीत. सकाळी अंगणात सोडली की मधला शेजारच्या मुलांत जायचा, धाकटी कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असायची, मोठी ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची. ज्याचं त्याचं वय ज्याची त्याची जागा शोधतं. विमानात ते होत नाही. तीन वयं एका रांगेत, पट्टा बांधून, मुंबई ते न्यूअर्क जवळजवळ सोळा तास.

तयारी आम्ही खूप केली होती. धाकटीसाठी अर्धी पिशवी खेळणी, मधल्यासाठी रंग आणि चित्रांची वही. मोठीसाठी? काहीच नाही. ती मोठी आहे ना! विमान सुटल्यापासून “जरा हिला धर”, “जरा त्याला गोष्ट सांग”, “खिडकी त्याला दे, तो लहान आहे” हेच चाललं होतं. तिने समोरच्या पडद्यावर एक सिनेमा तीनदा लावला आणि तीनदा अर्धवट सोडला. दहाव्या तासाला पाहते तर ती तोंडावर पांघरूण घेऊन मुसमुसत होती. विचारलं तर एवढंच म्हणाली, “नानी, मला काही नको, फक्त थोडा वेळ कोणी हाक मारू नका.”

ते ऐकून मला माझं लहानपण आठवलं. चार भावंडांत मी थोरली. मामा सुरतला, म्हणून दर सुट्टीत नंदुरबारहून गाडीने जायचो. नवापूर स्टेशन आलं की सगळी मुलं खिडकीकडे धावायची, कारण ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. मी कधी धावले नाही. माझ्या मांडीवर धाकटा भाऊ असायचा. आईला दोष देत नाही, तिलाही दुसरा हात नव्हता. पण जे मला खुपलं होतं तेच मी नातीशी केलं, हे मला फार लागलं.

त्या वर्षी संवत्सरीला मी न्यू जर्सीतच होते. घरातल्या सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. नातीजवळ मात्र बसले आणि नेमकं कशासाठी क्षमा मागतेय तेही सांगितलं. ती लाजली, पण तिला बरं वाटलं हे दिसत होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लांबच्या विमानप्रवासात धाकट्याची करमणूक मोठ्या मुलाच्या खर्चाने करू नये. मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून माझ्या भाषेत सांगते: खर्च कोणाच्या तरी खात्यावर पडतोच. आपण तो गुपचूप त्या मुलाच्या नावे टाकतो, जे तक्रार करत नाही.

यावर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली म्हणजे, “मोठ्यांनी लहानांना सांभाळायचं, हेच आपले संस्कार.” बरोबर आहे. पण सांभाळणं शिकवायचं तर त्याला वेळेची मर्यादा हवी, आणि मुलाचा होकार हवा. न विचारता सोळा तास लादलं तर ती वेठ झाली. दुसरी म्हणजे, “तिघांच्या हातात मोबाईल द्या, प्रश्नच मिटला.” मोठ्या मुलाने विमानात दोन सिनेमे पाहिले तर माझी हरकत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आहेत की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. शिवाय अनुभव असा की लहान मूल पडद्याने थोडाच वेळ शांत राहतं, मग त्याला मोठ्याच्या हातातला पडदा हवा असतो.

यंदा पुन्हा त्यांच्याबरोबर जायचा योग आला. मुलं आता तेरा, आठ आणि तीन वर्षांची. या वेळी मी आधी हिशेब मांडला. सोळा तास म्हणजे ९६० मिनिटं. एक सामायिक ४८ मिनिटांचं. भागाकार केला तर बरोबर २० पाळ्या. नऊ पाळ्या झोपेच्या, चार खाण्यापिण्याच्या आणि चढण्याउतरण्याच्या. उरल्या सात. सोळा तासांची भीती वाटत होती, सात पाळ्यांची वाटेना.

त्या सात पाळ्यांत लेक आणि मी, एकीकडे धाकटी, एकीकडे मधला, आणि दर पाळीला बदली. मोठी मोकळी. तिने स्वतःहून एक पाळी घेतली आणि कोणासोबत ते तिनेच ठरवलं. आणखी एक नियम केला: प्रत्येक मुलाला एक पाळी आईची एकटीची मिळायची, मोठीलाही. तेवढा वेळ बाकी दोघं माझ्याकडे. खिडकी अर्धा प्रवास मोठीची, अर्धा मधल्याची.

सामान थोडंच नेलं. धाकटीला टिकल्यांची पाकिटं आणि कोरी वही. टिकली काढायची आणि चिकटवायची, एक पाळी सहज जाते. (दोन वर्षांखालच्या बाळाला हे देऊ नका, ते तोंडात घालतं.) मधल्याला फुली-गोळा, हळू आवाजात अंताक्षरी आणि नकाशावर विमान कुठे आलं ते वहीत लिहिण्याचं काम. मोठीसाठी तिने निवडलेलं पुस्तक आणि आमचं गप्प बसणं.

मी नवकारसी करते हे मोठीला माहीत आहे. विमान पश्चिमेकडे जातं, म्हणजे रात्र जिकडे सरकते तिकडेच, म्हणून रात्र लांबते, हे तिने मधल्याला समजावलं. सूर्य दिसला की मला सांगायचं आणि तिथून ४८ मिनिटं मोजायची हे काम तिने आपणहून घेतलं. कुणी लादलं नव्हतं, म्हणून तिने ते आनंदाने केलं.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. जैन जेवण साधारणपणे निदान २४ तास आधी सांगावं लागतं. मुलांसाठीही तेच सांगा. ‘मुलांचं जेवण’ निवडलं तर त्यात कंदमूळ किंवा अंडं असू शकतं. खाखरे, मखाणे, राजगिऱ्याचे लाडू जवळ ठेवा. अमेरिकेत उतरताना सोबतचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, फळं तर विमानातच संपवा. बाळ लहान असेल तर पुढच्या रांगेतला पाळणा तिकीट काढतानाच मागा आणि वजनाची मर्यादा विचारून घ्या. विमान उतरू लागलं की कान दुखतात. बाळाला जागं करून दूध किंवा पाणी पाजा, गिळल्याने कान मोकळे होतात.

यंदाही धाकटी रडली, मधल्याने पाणी सांडलं, लेकीची आणि माझी झोप झाली नाही. सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. पण न्यूअर्कला उतरताना मोठीने झोपलेल्या धाकटीला आपणहून खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, “राहू दे गं, मी घेते.” ती म्हणाली, “नको नानी, आता मला घ्यावंसं वाटतंय.”

तुमच्या घरची थोरली नात किंवा थोरला नातू पुढच्या प्रवासाला निघेल, तेव्हा पिशवी भरण्याआधी त्याला एकदा विचारा, “तुला काय हवंय?” बहुधा तो फार काही मागणार नाही.

जय जिनेंद्र.