शिखर सपाट असतं, बॉस!

बारावीनंतर कॅल्क्युलसचं तोंड पाहायचं नाही, अशी शपथ तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी घेतली असेल. मीही घेतली होती. गेल्या रविवारी पापडीत, आमच्या घरामागच्या वाडीत ती मोडली.

झालं असं, की बाबांनी भाजीच्या तुकड्याला कुंपण घालायला ४० मीटर जाळी आणली. एका बाजूला कंपाउंडची लांबलचक भिंत आहेच, उरलेल्या तीन बाजूंना जाळी मारायची. प्रश्न एवढाच, की भाजीला जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? रोज अंधेरीला जाऊन एक्सेलशी झटापट करणारी मी लगेच सरसावले. ‘‘बाबा, थांबा. हे माझं काम!’’

भिंतीपासून निघणाऱ्या दोन बाजू प्रत्येकी क्ष मीटर धरल्या, तर समोरच्या बाजूला जाळी उरते ४० वजा २क्ष. म्हणजे क्षेत्रफळ झालं ४०क्ष वजा २क्ष². आता फंडा असा. क्ष जरासा वाढवला की क्षेत्रफळ कोणत्या वेगाने वाढतं, ते सांगतो डेरिव्हेटिव्ह. इथे तो ४० वजा ४क्ष. चढण असेपर्यंत तो धन, उतार लागला की ऋण आणि बरोबर माथ्यावर शून्य. म्हणून क्ष = १०. (पुन्हा एकदा डेरिव्हेटिव्ह घेतला की येतं उणे ४. उणे आलं म्हणजे हा डोंगरच, खड्डा नव्हे.) १० बाय २०, एकूण २०० चौरस मीटर. मी जाम खूश.

टेप लावली आणि नेमका दहाव्या मीटरवर आजीने लावलेला सोनचाफा.

‘‘तोडावा लागेल,’’ मी म्हटलं. बाबा काहीच बोलले नाहीत. आजी जाऊन तीन वर्षं झाली, पण पहिलं फूल अजून तिच्या फोटोलाच जातं. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, ‘‘अकरावर घे की. असं किती नुकसान होईल?’’

११ गुणिले १८. १९८! नुकसान फक्त दोन चौरस मीटर, म्हणजे एक टक्का. मी दोनदा गुणाकार केला. हाच क्ष ४ चा ५ केला असता, तर १२८ चे १५० झाले असते. पायथ्याशी एक मीटर म्हणजे २२ चौरस मीटर, माथ्यावर जेमतेम दोन!

ही गोष्ट आपल्याकडे फार आधी एकाला दिसली होती. ‘लीलावती’वाल्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला, न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी. ग्रहाच्या सरासरी स्थानाला करावी लागणारी दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी होते, तिथे तिच्यातला बदल शून्य होतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात सापडला.

आणि आपण? रात्री अकराला प्रेझेंटेशनचा फॉन्ट बदलत बसतो. शेवटच्या एका टक्क्यासाठी कुणाचं तरी जेवण, कुणाचा तरी फोन, कुणाचा तरी चाफा तोडतो. पायथ्याशी असाल तर जीव तोडून चढा, बॉस. माथ्याजवळ पोचलात की जरा हात सैल सोडा.

जाळी अकरावर लागली. सोमवारी लोकलमध्ये माझ्या पर्समधून चाफ्याचा वास येत होता.