महाशीर तो महाशीर?

"शेवटी पाण्यात सोडूनच द्यायचा ना? मग तो कुठला होता याने काय फरक पडतो?"

गळवाल्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की डोकंच फिरतं. गळाला लागलेला मासा परत सोडायची पद्धत आपल्याकडे रुजते आहे, उत्तम आहे. पण सोडला म्हणजे सगळं पुण्य पदरात पडलं, आता नावगाव विचारायची गरज नाही, हे काही मला पटत नाही. फरक पडतो. कावेरीतला एक अख्खा मासा आज नाहीसा व्हायच्या बेतात आहे, आणि त्यात या 'काय फरक पडतो'चा वाटा मोठा आहे.

मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही. मराठी घेऊन बी.ए., तेही मराठी माध्यमातून, आणि उभी हयात व्याकरण शिकवण्यात गेली. गळाचा नाद आमच्या ह्यांना. हे भीमेच्या काठी तंगूस सोडून बसत आणि मी शेजारी वही घेऊन. तेव्हा माझा मुद्दा आहे तो नावांचा, आणि नाव हा माझा विषय आहे.

कर्नल साइक्स हे नाव पुणेकरांनी तरी ऐकलेलं असावं. मुंबई सरकारच्या नोकरीतला हा इंग्रज अधिकारी दख्खनभर फिरला आणि इथल्या माशांचं वर्णन त्याने १८३९ साली छापलं. गंमत अशी, की लॅटिन नावं देताना त्याने कितीतरी ठिकाणी आपल्या भोयांच्या, कोळ्यांच्या तोंडची नावंच उचलली. खुद्री, कोळस, मुळ्या, शिंगटी, ताकरी, बोगट. आजही शास्त्राच्या पुस्तकात टोर खुद्री, गारा मुल्ल्या, मिस्टस सिंगटी असंच लिहिलेलं असतं. म्हणजे काठावरच्या माणसांना हे सगळे वेगवेगळे दिसत होते, साहेबाने फक्त लिहून घेतलं. (पुढे १९५२ मध्ये कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या, दुसऱ्या माशांचे खवले खाणाऱ्या एका माशाला डॉ. कुलकर्णींनी 'खवलचोर' हे नाव जसंच्या तसं ठेवलं. मला हे फार आवडतं!) ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना एवढं कळत होतं, आणि हजारो रुपयांचा रॉड घेऊन बसणाऱ्याला सगळंच 'महाशीर'?

आता कावेरीची गोष्ट. यातला खुद्री आपल्या मुळा-मुठेतला, साइक्सने तो पुण्याच्या पूर्वेला पाहिला. पर निळसर करडे. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा. पर नारिंगी, डोक्यामागून पाठ एकदम उंच चढते, पोक आल्यासारखी. आकाराने अवाढव्य. काबिनी नदीत १९४६ साली १२० पौंडांचा गळाला लागल्याची नोंद आहे. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला खुद्रीची कृत्रिम पैदास होऊ लागली आणि त्याची बोटुकली देशभर वाटली गेली, कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, महाशीर कमी होत होते. पण 'महाशीर' एवढाच शब्द डोळ्यांपुढे होता. कोणता महाशीर, कुठल्या नदीतला, हे कोणी विचारलं नाही.

पुढे काय झालं हे कळलं ते गळवाल्यांच्याच वह्यांवरून. कावेरीकाठच्या एका कॅम्पवर १९९८ ते २०१२ या काळात मासा पकडून सोडताना 'निळ्या पराचा' की 'पोकवाला' हे लिहून ठेवलेलं होतं. सगळे एकत्र मोजले तर चित्र छान दिसतं, महाशीर वाढत होते! वेगळे मोजले तर वाढत होता तो निळ्या पराचा. पोकवाला वर्षागणिक कमी मिळत होता आणि जो मिळत होता तो वजनाने जास्त जास्त मोठा. मोठा मिळतोय म्हणून आनंद मानणारेही असतील. पण शिक्षकाला विचारा. वरच्या वर्गात मुलं आहेत आणि पहिलीचा पट रिकामा, तर त्या शाळेचं पुढे काय होणार? नवी पिल्लं येतच नव्हती. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं आहेतच, नाही कशाला म्हणू. पण त्या वह्यांत नुसतं 'महाशीर' लिहिलं असतं तर हे कळलंच नसतं.

आणि नावाचा घोळ तर विचारूच नका. या पोकवाल्याला वर्षानुवर्षं टोर मुसुल्ला म्हणत. मुसुल्ला हे साइक्सने शिरूरकडच्या घोड नदीतल्या माशाला दिलेलं नाव, आणि तो मासा महाशिरांच्या गटातलाच नाही हे २०१३ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं. म्हणजे एवढा मोठा मासा बिननावाचा राहिला, आणि बिननावाच्या माशाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत कोण घालणार? २०१८ मध्ये पटलं, की केरळातल्या पांबार नदीतल्या छोट्या माशांवरून वर्णन झालेला टोर रेमादेवी तो हाच. त्याच वर्षी तो यादीत आला, थेट अतिसंकटग्रस्त म्हणून. आपला खुद्री मात्र आज त्याच जागतिक यादीत फारशी चिंता नसलेल्यांत आहे.

"काकू, एवढं ओळखायला शास्त्रज्ञ लागतो," असं पुतण्या म्हणाला. काही नाही लागत. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत मासा कॅमेऱ्यापुढे हात लांब करून धरलेला, पर पंज्याखाली झाकलेले, पाठ फोटोबाहेर. दिसतात ते त्याचे दात! (त्याचे म्हणजे पुतण्याचे.) हात ओले करून, मासा पाण्यालगत ठेवून, कुशीवरून एक फोटो घ्यावा. पाठीची रेघ, परांचा रंग, खवल्यांचा आकार, तोंडाजवळच्या मिशा एवढं त्यात आलं पाहिजे. महाशिराचे खवले मोठे, मिशांच्या दोन जोड्या. ओठांवर मात्र विसंबू नका. जाडजूड ओठ पाहून 'हा वेगळाच' म्हणणारे पुष्कळ, पण एकाच जातीत ओठ जाडही असतात, पातळही. पिल्लांमध्ये फरक पुसट असतो. तिथे 'ओळखू आला नाही' असं लिहावं, तीही नोंदच आहे.

रोहू-मृगळाचंही तेच. रोहूच्या ओठाला झालर असते, मृगळाचे ओठ साधे पातळ. कटला तर डोक्यावरून आणि वर वळलेल्या तोंडावरून कळतो. मुळात हे तिघे गंगेकडचे, आपल्या धरणांत आणून सोडलेले. धरणावर बसून यांना 'आपले गावठी मासे' म्हणणारे भेटतात तेव्हा मी गप्प बसत नाही, हे नातेवाइकांना माहीत आहेच.

आता पावसाळ्यात कुठे ना कुठे 'नदीत बोटुकली सोडण्याचा कार्यक्रम' निघेल. हार, नारळ, फोटो, सगळं असेल. तुमच्यापैकी कोणाला बोलावणं आलं तर जरूर जा. फक्त पिशवीचं तोंड सोडण्याआधी विचारा, यात कुठला मासा आहे आणि त्याचे आईबाप कुठल्या नदीतले. उत्तर नुसतं 'महाशीर' असं आलं तर पिशवी बांधलेलीच परत पाठवा, नारळ घरी न्या.